डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे ग्रॅव्हल सायकलिंग: नवख्यांनी मार्ग कसा आखावा

ग्रॅव्हल बाइकचं हँडल रोड बाइकसारखं वळलेलं असतं, पण टायर रुंद, गिअर हलके आणि ब्रेक डिस्कचे. डांबर, खडी, मुरूम, जंगलातली गाडीवाट असं सगळं एका दिवसात करायचं असेल तर ती फार सोयीची. डोंगर आणि समुद्र एकमेकांना खेटून असलेल्या भागात नेमकं असंच सगळं मिळतं. सकाळी किनाऱ्यावर, दुपारी हजार मीटरवरच्या खिंडीत आणि संध्याकाळी पुन्हा पाण्यापाशी.

नवखे इथे फसतात ते बहुतेक अंतर मोजताना. सपाटीवर साठ किलोमीटर आरामात जाणारा माणूस अशा भागात पस्तीस किलोमीटरला अंधार पडेपर्यंत अडकतो. इथे किलोमीटर हा आकडा तिसऱ्या क्रमांकाचा. आधी एकूण चढाई बघा, मग रस्त्याचा पृष्ठभाग, आणि अंतर त्यानंतर. पुढचं सगळं या क्रमाला धरून आहे.

१. सायकल: आधी गिअर, मग टायर

मार्ग आखण्याआधी आपल्या सायकलचा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे ते मोजा. पुढच्या सर्वांत लहान चेनरिंगच्या (पेडलपाशी असलेल्या दातेरी चकतीच्या) दात्यांना मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांनी भागा. पुढे ४० आणि मागे ४२ असेल तर ०.९५. पुढे ३० आणि मागे ४२ असेल तर ०.७१.

हा फरक किती पडतो? सायकल, स्वार आणि पाणी मिळून ८५ किलो धरा, चढ १० टक्के आणि रस्ता कच्चा. पेडल मिनिटाला साठ वेळा फिरवायचं, कारण त्याखाली गुडघे कुरकुरायला लागतात. ०.९५ च्या गिअरवर वेग ताशी साडेसात किलोमीटर पडतो आणि त्यासाठी साधारण १९० वॅट ताकद लागते. ०.७१ वर वेग साडेपाचवर येतो, पण ताकद १४५ वॅटच्या आसपास पुरते. नियमित व्यायाम करणारा नवखा १४५ वॅट बराच वेळ काढू शकतो. १९० वर तो दहा मिनिटांत उतरून सायकल ढकलायला लागेल. म्हणून ०.८ किंवा त्याखालचा गिअर हवा. दुकानात नवी सायकल बघताना फ्रेमचं कार्बन आणि रंग बघण्याआधी हा भागाकार करा. जुनी माउंटन बाइक असेल तर हा प्रश्न बहुधा सुटलेलाच असतो, आणि पहिल्या हंगामाला ती अगदी पुरेशी आहे.

टायर ४० ते ४५ मिलिमीटरचे घ्या. ७० किलोच्या स्वाराला ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा पुरते. मागे दोन-तीन पीएसआय जास्त ठेवा. आत ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब चिमटते. समुद्रसपाटीवर भरलेली हवा उंचावर कमी-जास्त होते का, असं बरेच जण विचारतात. हजार मीटर वर गेल्यावर बाहेरचा दाब घटतो म्हणून टायर थोडा कडक व्हायला हवा. पण तिथे थंडी असते, म्हणून तो मऊही होतो. दोन्ही एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि फरक उरतो पाऊण पीएसआयच्या आत. तेव्हा पंप खिशात ठेवा आणि निवांत चढा.

२. जमिनीचा आकार ओळखा

किनारी डोंगराळ भागात रस्ते साधारण तीन तऱ्हांनी जातात, आणि प्रत्येक तऱ्हेचा त्रास वेगळा.

पहिली तऱ्हा किनाऱ्याला समांतर. नकाशावर हा रस्ता निरुपद्रवी दिसतो, कारण तो कुठेच उंच चढत नाही. पण डोंगरातून आलेला प्रत्येक ओढा समुद्राला मिळण्याआधी त्याला छेद देतो. रस्ता ओढ्यात उतरतो, पलीकडच्या सोंडेवर चढतो, पुन्हा उतरतो. तीस किलोमीटरमध्ये असे बारा ओढे आले आणि प्रत्येकाला पन्नास मीटर चढ लागला, तर सहाशे मीटर चढाई झाली. आणि तुम्ही एकदाही पन्नास मीटरच्या वर गेलेला नसता! शिवाय हे चढ आखूड आणि तीव्र असतात, लय कधीच लागत नाही. नवख्यांना 'सोपा' म्हणून हाच मार्ग सुचवला जातो. माझ्या मते पहिल्या राइडसाठी तो सर्वांत वाईट.

दुसरी तऱ्हा खोऱ्यातून वर जाणारी. नदीच्या मुखापासून सुरुवात, मग बराच वेळ हलका चढ, आणि शेवटी डोंगराच्या भिंतीपाशी नागमोडी वळणं. हा चढ लांब असला तरी प्रामाणिक असतो. कुठे त्रास होणार ते आधीच कळतं आणि नको वाटलं तर मागे फिरून घरंगळत समुद्रापर्यंत येता येतं. पहिल्या काही राइड अशाच करा.

तिसरी तऱ्हा धारेखालून, एकाच उंचीच्या आसपास डोंगराला वळसे घालणारी. दृश्याच्या बाबतीत या मार्गांना तोड नाही, पण तिथवर पोचण्यासाठी आधी चढावं लागतं आणि मधूनच खाली उतरायला वाट नसते. यातले काही उत्तम मार्ग जुने लष्करी रस्ते आहेत. इटली-फ्रान्स सीमेवरच्या लिगुरियन आल्प्समधला लिमोने ते मोनेझी हा रस्ता त्यांपैकीच. किल्ले आणि चौक्या जोडण्यासाठी केलेला, १८०० ते २१०० मीटरच्या दरम्यान फिरणारा, बहुतांश खडीचा. तो फक्त उन्हाळ्यात उघडतो. क्रोएशियाच्या वेलेबित पर्वतात १८३२ साली पुरा झालेला मायस्टोर्स्का रस्ता आहे. त्याची माली आलान खिंड १०४५ मीटरवर आहे आणि वरून एड्रियाटिक समुद्राची बाजू खाली पसरलेली दिसते. तोफा किंवा घोडागाड्या चढाव्यात म्हणून आखलेल्या रस्त्यांचा चढ बेताचाच असतो, कारण जनावरांना तीव्र चढ ओढता येत नाही. बंद पडलेल्या रेल्वेचे मार्ग तर त्याहून सौम्य. त्यांचा चढ तीन टक्क्यांच्या वर क्वचितच जातो.

याउलट विजेच्या तारांखालचे देखभालीचे रस्ते आणि वणवा रोखायला काढलेले पट्टे टाळा. हे दोन्ही डोंगराची पर्वा न करता सरळ वर जातात. खेचरांच्या जुन्या फरसबंद वाटाही नकोत. त्यात पायऱ्या निघतात.

३. नकाशावर रस्ता तपासा

कोमूट, राइड विथ जीपीएस अशी बहुतेक मार्ग आखणारी ॲप ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरतात. २००४ पासून स्वयंसेवक हा नकाशा भरत आले आहेत. त्यात कच्च्या गाडीवाटांना पाच श्रेणी असतात. पहिली श्रेणी म्हणजे डांबरी किंवा घट्ट दाबलेली वाट. पाचवी म्हणजे नुसती माती आणि गवत. पहिली, दुसरी आणि कोरड्या दिवसांत तिसरी, एवढ्यावरच राहा. चौथी आणि पाचवी श्रेणी डोंगरात म्हणजे ढकलगाडी. श्रेणीच दिलेली नसेल तर ती वाट चौथी धरून चालावं.

त्यानंतर उपग्रह चित्र उघडा आणि मार्गावर बोट फिरवत जा. दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसतात का? वळणांवर रस्ता रुंद आहे का? असेल तर तिथे मोठी वाहनं जातात, म्हणजे पृष्ठभाग टणक असतो. झाडीत रेष अचानक गायब होत असेल तर ती वाट वापरात नसण्याची शक्यता दाट. स्ट्रावा या राइड नोंदवणाऱ्या ॲपचा हीटमॅप (लोक कुठून जास्त जातात ते दाखवणारा नकाशा) बघताना एक लक्षात ठेवा: त्यावर ठळक दिसणारी रेष चढणाऱ्यांची की फक्त उतरणाऱ्यांची, हे कळत नाही. माउंटन बाइकवाले उतरतात त्या वाटेने ग्रॅव्हल बाइक वर नेणं म्हणजे वेगळाच खेळ.

चढाईच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अनेक ॲपची उंचीची माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने अकरा दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर उभी आहे. तिचे चौकोन सुमारे तीस मीटरचे. सपाटीवर एवढं चालतं. पण समुद्रकड्यात कोरलेला रस्ता घ्या: ३५ अंशांच्या उतारावर नकाशातली रेष वीस मीटर बाजूला सरकली की उंची चौदा मीटरने चुकते. मग ॲप सपाट रस्त्यावर खोटे चढ-उतार दाखवतं, आणि बोगदा असेल तर अख्खा डोंगर तुमच्या नावावर चढवतं. आलेखात सुईसारखी टोकं दिसली की समोच्च रेषांचा नकाशा काढा आणि हाताने मोजा. रेषा वीस मीटरच्या अंतराने असतील आणि एक किलोमीटरमध्ये रस्ता पाच रेषा ओलांडत असेल, तर चढ दहा टक्के.

४. खडक कोणता आहे, ते विचारा

ही गोष्ट फार कमी मार्गदर्शनात सांगितली जाते. टायर फुटण्याचं आणि पाणी संपण्याचं कारण मात्र बरेचदा हीच असते.

चुनखडीच्या डोंगरावर खडी धारदार असते आणि टायरची बाजू कापते. शिवाय पावसाचं पाणी भेगांतून थेट आत जातं, त्यामुळे हिरव्यागार डोंगरावरही तासन्‌तास ओढा किंवा झरा लागत नाही. अशा ठिकाणी तीन लिटर पाणी घेऊनच निघा. ग्रॅनाइट झिजून जाड वाळू होतो. टणक रस्त्यावर पसरलेली ही वाळू वळणावर चाकाखाली छऱ्यांसारखी घरंगळते. जांभा कोरडा असताना झकास, भिजला की निसरडा. चिकणमाती असेल तर पावसानंतर किमान एक-दोन दिवस जाऊच नका. ती टायर आणि फ्रेमच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचं थांबतं.

डोंगराच्या दोन बाजूही सारख्या नसतात. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला धडकून वर चढते, गार होते आणि तिथेच पाऊस पाडते. त्यामुळे वाऱ्याकडची बाजू ओली, शेवाळलेली, ओढ्यांनी खणलेली. पलीकडची पर्जन्यछायेतली बाजू कोरडी आणि भुसभुशीत. नकाशात दोन्हीकडे एकच चिन्ह असतं. खिंड ओलांडून उतरताना पहिल्या दोन वळणांवर वेग मुद्दाम कमी ठेवा आणि टायर कसा धरतोय ते बघा.

५. वेळेचं गणित

कच्च्या रस्त्यासाठी एक साधा हिशेब: किलोमीटरला १५ ने भागा, चढाईच्या मीटरला ४५० ने भागा, दोन्हींची बेरीज म्हणजे सायकल चालवण्याचे तास. ४५ किलोमीटर आणि ११०० मीटर चढाई असेल तर ३ अधिक २.४, म्हणजे सुमारे साडेपाच तास. त्यावर थांबे, पंक्चर, फोटो यांचे पाव हिस्सा जास्त धरा. जवळजवळ सात तास झाले. 'चढताना गेलेला वेळ उतरताना भरून निघेल' हा डांबरी रस्त्यावरचा अनुभव आहे. खडीवर नवखा माणूस उतारावरही ताशी पंधरा-वीसच्या वर जात नाही, आणि जाऊही नये.

मार्ग किती कडक आहे ते पटकन बघायचं असेल तर चढाईला अंतराने भागा. किलोमीटरमागे दहा मीटरपर्यंत असेल तर सोपा. पंधराला घाम निघतो. वीसच्या पुढचे मार्ग पहिले काही महिने बाजूला ठेवा.

६. वारा, ऊन आणि भरती

शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष कामाला येतात. सकाळी उशिरा जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान जोर धरतात आणि खोऱ्यातून वर घुसतात. म्हणून किनाऱ्यालगतचा उघडा भाग पहाटे उरकावा आणि खोऱ्यातला चढ वारा पाठीशी असताना घ्यावा. उतरताना तो समोरून येतो, पण उतारावर त्याने फार बिघडत नाही. कडक उन्हाळ्यात मात्र हे सगळं विसरा आणि चढ पहाटेच संपवा; पाठीवरचा वारा आणि आपला वेग सारखा झाला की अंगाला हवाच लागत नाही आणि माणूस भाजून निघतो.

काही किनाऱ्यांवर याच्या उलटा, डोंगरावरून समुद्राकडे कोसळणारा वारा असतो. वेलेबितच्या पायथ्याचा 'बुरा' हा त्यातला कुप्रसिद्ध. तो झोतांनी येतो आणि सायकलस्वाराला रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला नेतो. असा इशारा असेल त्या दिवशी वर जाऊ नये, एवढंच.

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. घामाने भिजलेल्या अंगाने लगेच उतार लागला तर थंडी हाडात शिरते; पातळ वाराप्रतिबंधक जॅकेट उन्हाळ्यातही बरोबर असू द्या. समुद्र पश्चिमेला असेल तर संध्याकाळी उतरताना सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि सावलीतले खड्डे दिसत नाहीत. डोंगर पश्चिमेला असेल तर खोऱ्यात सूर्यास्त घड्याळापेक्षा खूप आधी होतो. दोन्ही वेळा मागचा लाल दिवा चालू हवा.

मार्ग पुळणीवरून जात असेल तर ओहोटीची वेळ बघा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. गेल्या शनिवारची वेळ या शनिवारी कामाची नाही. खरं सांगायचं तर पुळण टाळलेलीच बरी. खारं पाणी आणि वाळू मिळून चेनचं जे करतात ते बघवत नाही.

७. पहिल्या मार्गाचा आकार

आता सगळं एकत्र करा. पहिला मार्ग ३० ते ३५ किलोमीटरचा, ५०० मीटरच्या आत चढाईचा आणि गोल असावा. चढ कच्च्या रस्त्याने, उतार डांबराने. बरेच जण उलटं सुचवतात, कारण डांबरावर चढणं सोपं. पण चढताना पडलात तर ताशी सहा किलोमीटरने पडता, आणि तेवढ्या वेगात खडी कशी वागते ते शिकून होतं. कच्च्या भागाचा चढ आठ टक्क्यांच्या आत असावा. त्यापुढे सुट्या खडीवर मागचं चाक जागीच फिरायला लागतं.

अवघड भाग मार्गाच्या पहिल्या अर्ध्यात येऊ द्या, आणि दर आठ-दहा किलोमीटरला खाली डांबरी रस्त्याकडे उतरणारी एक वाट नकाशावर आधीच हेरून ठेवा. तिथे ठरवायची वेळ लिहा: 'या फाट्यावर एक वाजेपर्यंत पोचलो नाही तर उतरायचं.' दमल्यावर माणूस स्वतःशी वाद घालतो; आधी लिहिलेल्या वेळेशी घालत नाही.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. समुद्राकडच्या बाजूला रेंज चांगली असते आणि सोंडेमागे गेलं की शून्य. परतायची वेळ कोणाला तरी सांगून निघा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक युरोपात, भारतात आणि इतर अनेक देशांत चालतो.

रस्ता खुला आहे की नाही, हेही आदल्या दिवशी बघा. दक्षिण फ्रान्समधल्या अनेक जंगलांत उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यानुसार प्रवेश रोजच्या रोज ठरतो. इतरत्र शिकारीचा हंगाम, लाकूडतोड किंवा खासगी मालकी आडवी येते. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवून पुढे जा. किनारी डोंगरातले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असतात, म्हणून वर पाऊस पडला की पाणी फार लवकर चढतं. ते उतरतंही लवकर. गढूळ पाण्यात सायकल घालण्यापेक्षा दोन तास थांबलेलं परवडतं.

८. चढताना, उतरताना

चढ दिसला की तो सुरू होण्याआधी गिअर हलका करा. बसून राहा, कोपर वाकवा, छाती हँडलकडे न्या. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते घसरतं. मोटारींच्या चाकोऱ्या सर्वांत टणक असतात. मधला उंचवटा आणि कडेची सुटी खडी सोडून द्या.

उतारावर हात हँडलच्या खालच्या वळणात, दोन बोटं ब्रेकवर, दोन्ही पेडल एका पातळीत, वजन पायांवर. हातांची पकड सैल ठेवा, पुढचं चाक थोडं नाचणारच. नजर दहा-पंधरा मीटर पुढे. वेग वळणाच्या आधी, सरळ भागात कमी करा. वळणाच्या आत पुढचा ब्रेक दाबला की चाक सुटतं. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबा आणि सोडा, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. बोटं आखडली तर थांबा. ओल्या वाळूत रेझिनचे पॅड भराभर झिजतात, धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात. कोणतेही असोत, घर्षणाचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे. आंधळ्या वळणावर आपली बाजू सोडू नका. ओसाड वाटणाऱ्या जंगलरस्त्यावर समोरून ट्रक येऊ शकतो.

९. बरोबर काय घ्यायचं

ट्यूबलेसची छिद्रं बुजवायच्या पट्ट्या, एक ट्यूब, टायरच्या आतून लावायला जाड ठिगळ, पंप, चेन तोडायचं अवजार आणि जोडकडी. ट्यूब घालण्याआधी टायरमध्ये रुतलेले काटे काढा, नाहीतर नवी ट्यूबही गेली. सीलंट (ट्यूबलेस टायरमधला छिद्रं बुजवणारा द्रव) उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांत सुकतं, तेव्हा निघण्याआधी चाक हलवून आत द्रव खळखळतो का ऐका. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, आणि खाण्यातून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. भूक लागायची वाट बघू नका, पहिल्या तासातच खायला सुरुवात करा.

परत आल्यावर त्याच दिवशी सायकल साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा, कारण समुद्राजवळच्या हवेतलं मीठ धुळीबरोबर बोल्ट आणि चेनवर बसतं. जोराची धार बेअरिंगवर मारलीत तर मीठ बाहेर पडण्याऐवजी आत जाईल. चेन पुसून कोरडी करा आणि मगच तेल द्या. हे झालं की नकाशा उघडून कुठे श्रेणी चुकली, कुठे पाणी मिळालं, कुठला फाटा बंद होता ते लगेच भरून टाका. पुढच्या आठवड्यापर्यंत ते आठवत नाही.